चुलीकडचा भोंगा

माणूस माईकसमोर उभा राहिला की त्याचा घसा बदलतो. घरात, बाजारात, एसटी स्टँडवर तो जसा बोलतो तसा माईकवर कधी बोलत नाही. आधी खाकरतो, मग माईकवर टिचकी मारतो आणि मग समोरच्या गर्दीला विचारतो, "मागच्यांना आवाज येतोय ना?" आवाज येत नसता तर मागच्यांना हा प्रश्न तरी कसा ऐकू गेला असता, हे आजवर एकाही वक्त्याला सुचलेलं नाही. मी बाजूला मशीनपाशी बसून मान हलवतो. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

महाडच्या बाजारपेठेत माझं स्पीकरचं दुकान आहे. आता ते पुतण्या चालवतो आणि मी खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो. लग्नं, मुंजी, सत्यनारायण, सप्ताह, उरूस, प्रचारसभा, शोकसभा, सगळं केलं. महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात गेल्या चाळीसेक वर्षांत जे काही मोठ्यानं बोललं गेलं, त्यातलं बरंचसं माझ्या मशीनमधून गेलं आहे. हे मी मिरवून सांगतो, कारण माझ्याबद्दल दुसरं कोण सांगणार?

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहा म्हणून गळ घातली. पुराबद्दलही लिहा म्हणाले. एकवीसच्या पुरात दुकानात छतापर्यंत पाणी आलं, मशिनींतून चिखल उपसला, पण ते महाडात घरोघरी झालं. त्यात माझं वेगळं ते काय? तळीयेला दरड कोसळली तेव्हा जनरेटर घेऊन गेलो होतो. त्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही, इथेही लिहिणार नाही. मी लिहिणार आहे एका भोंग्याबद्दल.

लोकांना वाटतं, स्पीकरवाल्याचं काम म्हणजे वायरी जोडायच्या, बटण दाबायचं आणि जेवणाची वाट बघत बसायचं. जेवणाची वाट बघतो हे खरं आहे. पण आवाज मोठा करणं हे या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड असतं ते आवाज कुठे न्यायचा आणि कुठे न्यायचा नाही हे ठरवणं. भोंगा माईकच्या तोंडासमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. झाडाआड गेला की शब्द तुटतात. डोंगराकडे तोंड केलं की शब्द डोंगराला आपटून परत येतो. शिवथरच्या बाजूला एका कीर्तनात माझी तशी चूक झाली होती. बुवांनी रंगात येऊन श्रोत्यांना विचारलं, "या जगात कोण आहे तुमचा?" आणि क्षणभरानं डोंगरानं विचारलं, "तुमचा?" बुवांना वाटलं, गर्दीतलं कुणी टवाळी करतंय. ते जे संतापले, ते आरतीपर्यंत निवळले नाहीत.

गिऱ्हाइकंही एकेक नग असतात. एका पुढाऱ्याला आपला आवाज घुमलेला लागायचा. साधा आवाज गेला तर लोक साधा माणूस समजतील म्हणे. दासगावला एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नात एक भोंगा मुद्दाम चुलत भावाच्या अंगणाकडे वळवून घेतला. दोघांचं भांडण होतं, पत्रिका दिलेली नव्हती, पण मंगलाष्टका मात्र पोचवायच्या होत्या. मीही वळवला. भोंगा कुणाकडे वळवायचा हे गिऱ्हाइकानं सांगायचं आणि आपण ऐकायचं, ही या धंद्याची रीत.

या रीतीला मी एकच अपवाद ठेवला आहे, तो म्हणजे चुलीकडचा भोंगा. हा मला शिकवला पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या म्हातारीनं. तिला सगळे बायजाआजी म्हणत. धंद्याची सुरुवात होती, माझ्याकडे दोनच भोंगे होते आणि सप्ताहाला मी ते दोन्ही मंडपाकडे तोंड करून बांधले होते. देवळामागे बायकांनी मोठ्या चुली पेटवल्या होत्या. कीर्तन ऐन भरात आलं आणि बायजाआजी उलथनं हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आमी तिकडं धुरात बसताव नि बुवाचा एक सबुद आमाला ऐकू येत नाय," ती म्हणाली. "भोंगा फिरव, नायतर आमी चुली इझवताव."

तिची धमकी पोकळ नव्हती. तीन वाड्यांची माणसं जेवायची होती. मी झाडावर चढलो आणि एक भोंगा फिरवला. तेव्हापासून कार्यक्रम कुणाचाही असो, रांधणाऱ्यांच्या बाजूला माझा एक भोंगा असतोच. आमच्याकडे तो भाताच्या पातेल्यांकडे असतो, उरुसाला बिर्याणीच्या देगांकडे. त्याचे वेगळे पैसे मी लावत नाही आणि कुणी सांगायची वाटही बघत नाही. वरच्या गावांतल्या बायका तर आता मंडपात शिरताना आधी तो भोंगा कुठे आहे ते बघतात.

याच भोंग्यामुळे माझी शांतवनसाहेबांशी ओळख झाली.

महाडात ख्रिस्ती घरं थोडी. कुणी एमआयडीसीत कामाला आलेले, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात. शांतवनसाहेब त्यांचे पाळक, म्हणजे त्यांच्या मंडळीचे धर्मगुरू. बाजारात लोक त्यांना फादर म्हणत. ते दर वेळी शांतपणे सांगत, मी फादर नव्हे, पाळक, मला बायको आहे. लोक मान डोलवत आणि जाताना 'येतो फादर' म्हणत. नाताळला त्यांच्याकडे माझा सेट असे. थोडक्यात बोलणारा वक्ता भेटला की स्पीकरवाल्याला देव भेटल्यासारखं होतं, आणि साहेब थोडक्यात बोलत.

पहिल्याच नाताळला अंगणात पुलाव शिजत होता. तिकडे वळवलेला भोंगा पाहून त्यांनी हा कशाला म्हणून विचारलं. मी बायजाआजीची हकिकत सांगितली. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "वसंतराव, आमचा प्रभू कबरेतून उठला ही बातमी पहिल्यांदा बायकांनीच आणली. पुरुष तेव्हा दाराला कडी लावून आत बसले होते." मी माळकरी नाही आणि त्यांच्या धर्मातला तर नाहीच, पण हे वाक्य माझ्या ध्यानात राहिलं. त्यानंतर ते दुकानावरून जाताना चहाला थांबू लागले.

पोलादपूरला त्यांच्या मंडळीची एक लहान सभा होती. भाड्याच्या एका खोलीत रविवारी संध्याकाळी पाच-सहा घरं जमत. साहेबांना दर रविवारी तिकडे जाणं जमत नसे. ती सभा चालवायची सुलभा. ही पोलादपूरजवळच्याच गावातली, शिवणकाम करणारी, ठेंगणी, कमी बोलणारी बाई. खोली उघडायची, सतरंजी टाकायची, शास्त्र वाचायचं, गीत सांगायचं, कुणी आजारी असलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचं, हे सगळं ती एकटी करी. कुणी तिची नेमणूक केली नव्हती. कुणीच करत नव्हतं म्हणून तिनं सुरू केलं, आणि चालवलं. तिचा नवरा विनय एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला. उंचापुरा, देखणा गडी, पण दारूनं पोखरलेला. तो रस्त्यात पडलेला असायचा, ती त्याला घरी आणून निजवायची, तोंड धुवायची आणि सभेला जाऊन गीत म्हणायची. हे मला पोलादपूरच्या अनेकांनी सांगितलं, त्यात आमचे हिंदूही होते, आणि सांगताना प्रत्येकाच्या बोलण्यात तिच्याबद्दल आदरच असे.

मग ती पुरुषांची चळवळ आली. तिचं नाव मी देत नाही, कारण तिच्यातली बरीच माणसं भली होती. मुंबईकडून ब्रदर नेल्सन म्हणून एकजण यायचे. चाळिशीचे, गोड गळ्याचे, भेटल्याबरोबर मिठी मारणारे. मलाही मारली. या चळवळीत फक्त पुरुष. त्यांचा पहिला मेळावा महाडात एका हॉलमध्ये झाला. बाजारात कुजबुज झाली की धर्मांतर चाललंय, तेव्हा मीच लोकांना सांगितलं, आत बसलेले सगळे जन्माचेच ख्रिस्ती आहेत, त्यांना आणखी काय करणार? त्या दिवशी एकेक पुरुष उठून माईकवर यायचा आणि आपली पापं सांगायचा. मी बायकोला मारलं, मी पगार उडवला, मी मुलांशी बोलत नाही. सांगताना रडायचे, एकमेकांना धरून रडायचे. पुरुषांना असं रडताना मी मयतीतसुद्धा पाहिलेलं नव्हतं. सुरुवातीला मला हसू येत होतं. विनय माईकवर आला आणि माझं हसू गेलं. त्यानं काही लपवलं नाही. त्या दिवसापासून त्यानं दारू सोडली, आणि महिने गेले तरी ती सुटलेलीच राहिली.

मी साहेबांना म्हटलं, हे चांगलंच झालं की. ते म्हणाले, दारू सुटली ही प्रभूची कृपा, त्यात मी खोट काढणार नाही. पण चहाचा कप तसाच धरून बसले. मग म्हणाले की रडून झाल्यावर ही मंडळी जे शिकवतात ते त्यांना खटकतं. घरं बिघडली कारण पुरुषानं आपली खुर्ची सोडली आणि बाई तिच्यावर बसली, आता ती परत घ्या, घरातही आणि मंडळीतही, असं ते शिकवतात. शास्त्रात नवऱ्याला बायकोचं मस्तक म्हटलंय हे खरं, पण त्याच्या दोनच ओळी आधी दोघांनी एकमेकांचं ऐकावं असंही सांगितलंय, ती ओळ हे वाचत नाहीत, असं साहेबांचं म्हणणं. आणि मस्तक म्हणजे काय, तर त्यांच्या प्रभूनं कमरेला टॉवेल बांधून आपल्या कोळी शिष्यांचे पाय धुतले.

"त्यांनी खुर्ची मागितली नाही, वसंतराव. टॉवेल घेतला," ते म्हणाले.

शिवाय त्या सामुदायिक शपथा त्यांना रुचत नसत. त्यांच्या धर्मात शपथ घेऊच नये, हो म्हणजे हो असावं, एवढं पुरे, असं आहे म्हणे. मला शास्त्र कळत नाही. पण गर्दीत ओरडलेल्या शब्दाचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. त्यातला निम्मा आवाज माझ्या मशीनचा असतो, आणि माणसाला वाटतं तो सगळा आपलाच. मी तसं म्हटल्यावर साहेब म्हणाले, हे मी एखाद्या रविवारी तुमच्या नावानं सांगेन. सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

दुसरा मेळावा पोलादपूरच्या अलीकडे, हायवेवरून आत एका आमराईत ठेवला होता. दिवसभराचा कार्यक्रम. दीडेकशे पुरुष मंडपात आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या बायका भाकऱ्या आणि मटणाच्या रश्श्याला लागलेल्या. मी सवयीनं शेडजवळच्या आंब्याला एक भोंगा बांधला. ब्रदर नेल्सननी तो पाहिला.

"अंकल, लेडीज साइडला आवाज नको," ते म्हणाले. "भाई लोक इथे दिल खोलके बोलतात, रडतात. बायका ऐकतायत कळलं तर एक तरी बोलेल का?"

मला त्यांचं म्हणणं पटलं. बायजाआजीला कीर्तन ऐकायचं होतं, हे तर पुरुषांचं खाजगी रडगाणं. मी त्या भोंग्याची वायर मशीनमधून काढून बाजूला ठेवली. मग नेल्सननी मला एक नवा कोरा लहान सेट दाखवला. एक बॉक्स, एक माईक, स्टँड. चळवळीकडून पोलादपूरच्या सभेला भेट. आज विनयला त्या सभेचा प्रमुख नेमायचं होतं, आणि नंतर सवडीनं मी तो सेट तिथे जोडून द्यावा असं त्यांनी सांगितलं.

थोड्या वेळानं शांतवनसाहेब आले. त्यांना शेवटचा आशीर्वाद द्यायला बोलावलं होतं. त्यांच्या पत्नी मार्थाबाई सरळ शेडकडे गेल्या. साहेबांनी आंब्याकडे पाहिलं, मग मशीनजवळ पडलेल्या वायरीकडे. मी नेल्सनचं म्हणणं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, रडणं कुणी ऐकू नये हे बरोबरच आहे. मग मी चांगली बातमी म्हणून सेटचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हे सुलभाला माहीत आहे?"

मला काय ठाऊक? ते शेडकडे जाऊन आले. सुलभा भाकऱ्या थापत होती आणि येत्या रविवारी कुठलं गीत घ्यायचं ते त्यांना विचारत होती. तुम्ही तिला सांगितलंत का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ज्यानं तिची जागा घेतलीय त्यानं सांगावं, मी मध्ये पडलो तर त्याची सुटका होईल. मग ते मागच्या रांगेत जाऊन बसले. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिचं जास्त.

कार्यक्रम पहिल्यासारखाच झाला. कबुल्या झाल्या, रडणं झालं. मग नेल्सननी सगळ्यांना उभं करून शपथ सांगितली आणि दीडशे आवाजांनी ती मागून म्हटली. मी माझ्या घराचं मस्तक आहे. मी माझी जागा परत घेतो. आमराई दणाणली. लगेच त्यांनी विनयचं नाव पुकारलं, आजपासून पोलादपूरच्या सभेची धुरा विनय ब्रदरवर असं जाहीर केलं आणि सेटचा खोका त्याच्या हातात दिला. टाळ्या पडल्या. विनय खोका छातीशी धरून उभा होता. तो खूश होता, पण त्यानं एकदा चोरून शेडकडे पाहिलं. तिथे भाकऱ्या थापल्याचा आवाज चालूच होता.

मग साहेब आशीर्वादाला उठले. माईक हातात घेतला, टिचकी मारली नाही, आवाज येतोय का विचारलं नाही. आधी त्यांनी सगळ्यांचं कौतुक केलं. इथे जे रडलात ते इथेच राहू द्या, ते तुमचं आणि देवाचं, म्हणाले. मग माईक जरा जवळ घेतला.

"पण हे वचन तुम्ही कुणाला दिलंत? देवाला, असं म्हणाल. तुमच्या घरात काय चालतं ते देव रोज बघतो, त्याला ओरडून सांगायची गरज नव्हती. ज्यांच्याबद्दल वचन दिलं त्या तिकडे धुरात बसल्या आहेत, आणि त्यांना ऐकू जाऊ नये अशी व्यवस्था आहे. पाप गुपचूप कबूल करावं, मला मान्य आहे. वचन गुपचूप देता येत नाही. ज्याला दिलं त्यानं ते ऐकलं पाहिजे, म्हणजे उद्या पाळलं नाही तर त्याला विचारता येईल." मग ते माझ्याकडे वळले. "वसंतराव, चुलीकडचा भोंगा सुरू करा."

नेल्सन तडक माझ्याकडे आले. अंकल नको, प्रोग्राम आमचा आहे, असं दबक्या आवाजात म्हणाले आणि मशीनवर हात ठेवला. त्यांचं चुकलं नव्हतं. मला बोलावलं होतं त्यांनी. पण धंद्यात आणखी एक गोष्ट असते. जोवर माणूस माईकवर उभा आहे तोवर स्पीकरवाला त्याचा. मग तो मंत्री असो, दारुडा असो, की पाळक. मी कुणाचा माईक आजवर मधेच बंद केलेला नाही. पुढाऱ्यांनी विरोधकाचा करायला सांगितला होता, तेव्हाही नाही.

"ब्रदर, माईक त्यांच्या हातात हाय," मी म्हटलं, आणि वायर जोडली.

दीडशे पुरुष माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्यातला नव्हतो. पण चाळीस वर्षांत मी जेवढ्या वायरी जोडल्या, त्यांतली ही एक जोडल्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. आंब्यावरचा भोंगा खरखरला आणि शेडमधल्या भाकऱ्यांचा आवाज थांबला.

साहेबांनी शेडकडे तोंड करून, बायांनो, ऐकू येतंय का, असं विचारलं. मार्थाबाईंनी उत्तर म्हणून पातेल्यावर पळी आपटली. तेव्हा साहेब म्हणाले, आता तेच वचन पुन्हा म्हणा, आणि माईक विनयपुढे धरला.

विनयनं खोका खाली ठेवला. खाकरला. "मी माज्या घराचं..." एवढं म्हणून थांबला. शेडमध्ये कुणीतरी बाई फिसकन हसली आणि गप्प झाली. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबला. शेवटी तो शपथ सोडून त्याच्या रोजच्या आवाजात बोलला.

"सुलभा, आपली पोलादपूरची सभा आजपासून मला दिली हाय. तुला सांगायचं ऱ्हायलं."

सुलभा मंडपाच्या दोरीपर्यंत आली. हात पिठानं भरलेले. साहेबांनी माईक तिच्याकडे न्यायला पाऊल उचललं, तिनं मान हलवून नको म्हटलं.

"सभा माजी नाय, प्रभूची हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "पन खोलीची किल्ली माज्याकडं हाय. ती पायजे तर घरी मागा. हितं नको."

एवढं बोलून ती परत गेली आणि भाकऱ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. तिचं बोलणं माझ्या मशीनमधून गेलं नव्हतं. तरी ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं. आवाज पोचवण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला हे लिहावं लागतं, पण तसं झालं खरं.

साहेबांनी आशीर्वाद दिला, कार्यक्रम संपला, माणसं खाली मान घालून जेवली. नेल्सन सभ्य माणूस, ते ओरडले नाहीत. तुम्ही आमचा माहौल तोडलात अंकल, एवढंच म्हणाले. त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्याचं मला काही नाही. पण साहेबांना मात्र ते महाग पडलं. त्यांच्या मंडळीतली काही घरं त्या चळवळीच्या नव्या उपासनेला जाऊ लागली. म्हातारा जळतो, सुधारलेल्या माणसाला त्यानं चारचौघांत खाली बघायला लावलं, आता तो पुन्हा प्यायला लागेल, असं लोक मोबाइलवर एकमेकांना लिहीत होते. त्यातलं शेवटचं साहेबांना खरंच लागलं होतं. दुकानात येऊन म्हणाले, तो पुन्हा प्यायला लागला तर मी बरोबर बोललो होतो याचा काय उपयोग? मी दुसरा चहा मागवला. पुढे ते निवृत्त होऊन नगरकडे गेले. एवढ्या लोकांचे आवाज सांभाळले, पण साहेबांचा आवाज कधी टेप करून ठेवला नाही, याची मला हळहळ वाटते.

मेळाव्यानंतर तीनेक आठवड्यांनी विनयचा फोन आला. काका, सेट पडून हाय, जोडून देशील का, म्हणाला. आवाज साफ होता, तरी मी धास्तावलेलाच गेलो. सेट त्याच्या नावाचा, तेव्हा सभाही त्यानं घेतली असणार, असं मी वाटेभर धरून चाललो होतो. रविवारची दुपार होती. खोलीचं दार उघडं होतं. सुलभा सतरंजी टाकत होती आणि विनय भिंतीला टेकून उभा होता. दारूचा वास नव्हता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. किल्ली त्यानं मागितली की नाही, तिनं दिली की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही. खोलीखालून हायवेचे ट्रक जात होते, त्यामुळे तिथे माईक खरोखरच हवा होता. मी बॉक्स भिंतीला लावला, वायर ओढली, स्टँड उभा केला. आणि आता एक प्रश्न मला विचारावाच लागणार होता. विनय पावणेसहा फुटी, सुलभा त्याच्या खांद्याला लागते.

"विनय, माईक कोनाच्या उंचीला लावू?" मी विचारलं.

तो पुढे आला, माझ्या हातातून स्टँड घेतला, स्क्रू सैल केला आणि नळी खाली सरकवली. जास्तच खाली गेली.

"सुलभा, जरा हितं उबी ऱ्हा गो," तो म्हणाला.

ती सतरंजी सोडून आली आणि स्टँडसमोर उभी राहिली. त्यानं माईक तिच्या तोंडाच्या उंचीला आणला, स्क्रू दोन्ही हातांनी पिळून घट्ट केला, हलवून पाहिला, आणि जाऊन सतरंजीवर खाली बसला.

"बोल आता," तो म्हणाला.